कवटीतली पट्टी आणि पाच जणांचं रक्त

हाड मोडलेल्या माणसाला भेटायला गेलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "शुक्र करा, एवढ्यावरच निभावलं." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण प्लास्टरमध्ये हात अडकलेल्या आणि रात्रभर ठणक सोसलेल्या माणसाला ते वाक्य कधी कधी टोचतं. दुखत असताना शुक्र कशाचा करायचा? दुखण्याचा? की तक्रार न करता गप्प बसण्यालाच शुक्र म्हणायचं?

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे एका शब्दाकडे दोन खिडक्यांतून पाहण्याची सवय लागली आहे. मराठीत 'कृतज्ञता' म्हणजे आपल्यासाठी जे केलं गेलं त्याची जाण ठेवणं. उर्दूत आपण 'शुक्र' आणि 'सब्र' असे दोन वेगळे शब्द ठेवतो. दुखणं सोसायला सब्र लागतो. शुक्र असतो तो मिळालेल्या गोष्टीचा. रोजच्या बोलण्यात आपण या दोन्हींची सरमिसळ करतो आणि मग दुखणाऱ्या माणसाकडे भलतीच मागणी करून बसतो. हा फरक मला एका क्रिकेटपटूच्या आयुष्यात फार स्वच्छ दिसतो. त्यांचं नाव नरी कॉन्ट्रॅक्टर.

नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा जन्म ७ मार्च १९३४ रोजी गोध्रा इथे एका पारशी कुटुंबात झाला. डावखुरे सलामीचे फलंदाज. गुजरातकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात, बडोद्याविरुद्ध, त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली. पदार्पणात असं करणारे त्यांच्याआधी ऑस्ट्रेलियाचे आर्थर मॉरिस एवढेच होते. १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले.

खेळताना हाड मोडण्याशी त्यांची पहिली मोठी गाठ पडली ती १९५९ साली, लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर. त्या कसोटीत संघाचं नेतृत्व पंकज रॉय करत होते. इंग्लंडचे वेगवान गोलंदाज ब्रायन स्टॅथम यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या छातीवर बसला आणि बरगडी मोडली. मोडलेल्या बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. श्वास घेतला तरी ती हलते आणि प्रत्येक श्वासाला कळ येते. त्या अवस्थेत ते खेळत राहिले आणि ८१ धावा केल्या. भारताचा सगळा डाव १६८ धावांत आटोपला. म्हणजे संघाच्या जवळजवळ निम्म्या धावा बरगडी मोडलेल्या माणसाच्या होत्या.

हा प्रसंग आपण मुलांना शौर्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती आहेही. पण मला तो सब्राचा नमुना वाटतो. शुक्राची गोष्ट तीन वर्षांनी घडली आणि तिची किंमत कितीतरी मोठी होती.

मधल्या काळात कॉन्ट्रॅक्टर भारताचे कर्णधार झाले. १९६१-६२ च्या हिवाळ्यात टेड डेक्स्टर यांचा इंग्लंड संघ भारतात आला. पहिल्या तीन कसोट्या अनिर्णित राहिल्या, मग कलकत्ता आणि मद्रास इथल्या दोन्ही भारताने जिंकल्या. इंग्लंडविरुद्ध कसोटी मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ होती. त्याच मालिकेत मन्सूर अली खान पतौडी या तरुणाने पदार्पण केलं. काही महिन्यांपूर्वीच, १ जुलै १९६१ रोजी, इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटारीच्या अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. तरी मद्रासच्या कसोटीत त्याने १०३ धावा केल्या. हा विजयी संघ थोड्याच दिवसांत वेस्ट इंडिजला निघाला. कॉन्ट्रॅक्टर कर्णधार, पतौडी उपकर्णधार आणि व्यवस्थापक म्हणून हैदराबादचे माजी कसोटी कर्णधार गुलाम अहमद.

वेस्ट इंडिजकडे तेव्हा वेस्ली हॉल होते आणि त्यांच्याबरोबर बार्बाडोसचे चार्ली ग्रिफिथ हे नाव पुढे येत होतं. भारताने पहिल्या दोन कसोट्या गमावल्या. तिसऱ्या कसोटीआधी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर बार्बाडोस संघाशी सामना होता. १७ मार्च १९६२ रोजी कॉन्ट्रॅक्टर फलंदाजीला उभे राहिले. दहाच दिवसांपूर्वी त्यांनी २८ वर्षं पूर्ण केली होती.

त्या मैदानावर तेव्हा साइटस्क्रीन नव्हता. चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या पाठीमागे मोठा पांढरा पडदा उभारतात, त्याला साइटस्क्रीन म्हणतात. तो नसल्यामुळे गोलंदाजाच्या मागे पॅव्हेलियनच दिसायचं. कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे अनेकदा सांगितलं की ग्रिफिथ धावत येत असताना पॅव्हेलियनमधली एक खिडकी कुणीतरी उघडली आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं. चेंडू उजव्या कानाच्या वर आदळला. डावखुऱ्या फलंदाजाची उजवी बाजू गोलंदाजाकडे असते. हेल्मेट नव्हतं, कारण तेव्हा ते कुणाकडेच नव्हतं. ते चेंडूखाली वाकले आणि चेंडू लागला असं त्या काळच्या बऱ्याच वृत्तांतांत आहे. आपण वाकलो नव्हतो, असं ते स्वतः कायम सांगत आले.

कवटीचं हाड मोडलं होतं. कवटी मोडण्यातला खरा धोका हाडाच्या तड्याचा नसतो, आत साचणाऱ्या रक्ताचा असतो. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साकळलं की त्याला पसरायला जागा मिळत नाही, मग ते मेंदूवर दाब देतं. हा दाब वेळेत उतरवला नाही तर माणूस हाती लागत नाही. तो उतरवायला डॉक्टरांना हाडाचा भाग काढून आत पोहोचावं लागतं. कॉन्ट्रॅक्टर यांच्यावर ब्रिजटाऊनमध्ये तातडीने शस्त्रक्रिया झाली. ते सहा दिवस बेशुद्ध होते. या सगळ्यात रक्त लागणार होतं, आणि घर हजारो मैल दूर होतं.

रक्त द्यायला जे पुढे आले त्यांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल. भारतीय संघातले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर. आणि दौऱ्याचं वार्तांकन करणारे पत्रकार के. एन. प्रभू.

आपण मराठी वाचक आहोत, म्हणून या यादीत जरा थांबू या. बोर्डे पुण्याचे. नाडकर्णी नाशिकचे. उम्रीगर पारशी, पण जन्म सोलापूरचा. तिघेही आपल्या मातीत जन्मलेले. ज्या दवाखान्यात हे रक्त दिलं गेलं तो अटलांटिकच्या पलीकडच्या एका छोट्या बेटावर. तिथल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून उसाच्या मळ्यांत आणले गेले होते. वॉरेल त्याच समाजातले. गोऱ्यांनीच कर्णधार व्हायचं ही वेस्ट इंडिजची जुनी रीत मोडून, १९६०-६१ मध्ये पूर्ण मालिकेसाठी नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. ज्या संघाला ते मैदानावर चीत करत होते त्याच्याच कर्णधारासाठी त्यांनी आपली बाही वर केली. एका पारशी माणसाच्या शरीरात बार्बाडोसच्या ख्रिस्ती माणसाचं, महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती आणि हिंदू माणसांचं आणि दुसऱ्या एका पारशाचं रक्त गेलं, आणि त्या संघाचे व्यवस्थापक मुसलमान होते. त्या दिवशी जुळायला हवा होता तो फक्त रक्तगट.

रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, अंगात ताकद राहत नाही, अशी भीती आजही आपल्या मोहल्ल्यांत आणि गावांत ऐकू येते. त्यांना मी उम्रीगरांचं उदाहरण देतो. मार्चमध्ये रक्त दिलेल्या या माणसाने पुढच्याच महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत पहिल्या डावात ५६ आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय त्याच सामन्यात पाच बळी घेतले. तेव्हा त्यांचं वय ३६ होतं.

इकडे संघाला खेळणं भाग होतं. २३ मार्चला त्याच मैदानावर तिसरी कसोटी सुरू झाली. नाणेफेकीला गेले ते २१ वर्षं ७७ दिवसांचे पतौडी, तोवरच्या कसोटी इतिहासातले सर्वांत तरुण कर्णधार. एकाच डोळ्याने पाहणाऱ्या या तरुणाकडे संघाची सूत्रं आली ती अशा दुःखद रीतीने. भारत ती कसोटी हरला आणि मालिकाही ५-० अशी हरला. पण सहाच वर्षांत, १९६८ मध्ये, याच पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली.

कॉन्ट्रॅक्टर वाचले आणि मायदेशी परतले. हाड काढलेल्या जागी कवटीत पोकळी राहते आणि तिथे मेंदूवर फक्त कातड्याचं पांघरूण उरतं. ती जागा झाकण्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली. हेच डॉ. चांडी भारतातल्या मेंदू शस्त्रक्रियेच्या शाखेचे पाया घालणारे म्हणून ओळखले जातात. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टर पुन्हा मैदानात उतरले. ते १९७०-७१ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले आणि त्यांच्या नावावर १३८ सामन्यांत ८,६११ धावा आणि २२ शतकं जमा झाली. कसोटी संघाचं दार मात्र पुन्हा उघडलं नाही. ३१ कसोट्या आणि १,६११ धावांवर त्यांची कसोटी कारकीर्द थांबली.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. अशा माणसाने शुक्र कसा करायचा?

आपल्या घराघरांत उरवा बिन ज़ुबैर यांचा किस्सा सांगितला जातो. मदिनेचे हे थोर विद्वान दमास्कसच्या सफरीत असताना त्यांचा पाय सडला आणि कापावा लागला. त्याच सफरीत त्यांचा एक मुलगाही गेला. सांगणारे सांगतात की त्यांनी तेव्हा हिशेब मांडला. हातपाय चार दिले होते, त्यातला एक घेतला, तीन ठेवले. मुलगे सात दिले होते, एक घेतला, सहा ठेवले. हा किस्सा ऐकताना आपलं लक्ष त्यांच्या सहनशक्तीकडे जातं. मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या हिशेबात गेलेला पाय आणि गेलेला मुलगा दोन्ही मांडलेले आहेत. काही गेलंच नाही असं त्यात कुणी म्हणत नाही. फक्त उरलेल्याची बाजू कोरी सोडलेली नाही.

कॉन्ट्रॅक्टर यांनी आपल्या परीने असाच हिशेब मांडला असं मला वाटतं. गेलं ते त्यांनी लपवलं नाही. पण हिशेब मांडताना त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, दोषाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकलं नाही. ग्रिफिथ यांच्या गोलंदाजीबद्दल तेव्हा मोठा वाद होता. ते चेंडू टाकत नाहीत, फेकतात, असा आरोप होत होता, आणि त्याच सामन्यात पंच कोर्टेझ जॉर्डन यांनी त्यांचा एक चेंडू फेकीबद्दल नो-बॉल दिला. कॉन्ट्रॅक्टर यांच्या हातात तक्रारीचं आयतं शस्त्र होतं. आयुष्यभर तेवढ्यावर सहानुभूती मिळाली असती. त्यांनी ग्रिफिथना दोष दिला नाही. आपलं लक्ष विचलित झालं होतं, एवढंच ते सांगत राहिले. दुसरी गोष्ट, आपल्याला रक्त कुणी दिलं ते त्यांनी विसरू दिलं नाही.

शुक्राचा अर्थ माझ्या मते इथे उलगडतो. मोडलेल्या हाडाबद्दल आभार मानायला कुणी सांगितलेलं नाही. मोडल्यानंतर जे हात पुढे आले, त्यांची नावं लक्षात ठेवायची आणि ते देणं पुढे न्यायचं.

हे देणं पुढे कसं गेलं तेही इतिहासात नोंदलेलं आहे. फ्रँक वॉरेल यांचं १३ मार्च १९६७ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निधन झालं. वय अवघं ४२. दुसऱ्याला रक्त देणाऱ्या माणसाला रक्ताच्याच आजाराने नेलं. १९८१ पासून बंगाल क्रिकेट असोसिएशन त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर भरवते आणि ३ फेब्रुवारी हा दिवस तिथे फ्रँक वॉरेल दिन म्हणून पाळला जातो. कोलकात्यात त्या दिवशी रांगेत उभा राहणारा तरुण बार्बाडोसला कधी गेलेला नसतो आणि त्याचं रक्त कुणाला जाणार हेही त्याला ठाऊक नसतं. एका बाटलीच्या बदल्यात किती बाटल्या परत गेल्या, याचा विचार करून पाहा.

एक देणं खेळानेही फेडलं, पण फार उशिरा. कसोटी सामन्यात हेल्मेट घालून फलंदाजीला उतरणारा पहिला खेळाडू म्हणजे ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यालप. ती कसोटी सुरू झाली १७ मार्च १९७८ रोजी, ब्रिजटाऊनच्या त्याच केन्सिंग्टन ओव्हलवर. कॉन्ट्रॅक्टर यांना चेंडू लागला त्याला त्या दिवशी बरोबर १६ वर्षं झाली होती. प्रेक्षकांनी यालप यांची हुर्यो उडवली. हेल्मेट म्हणजे भित्रेपणा असा समज होता. तो समज किती महाग पडतो हे आपण पुढेही पाहिलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ हेल्मेटशिवाय क्षेत्ररक्षणाला उभे राहिले, चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी ते गेले. शुक्र करणाऱ्या माणसाने काळजी घेऊ नये असं कुठेच नाही. मिळालेलं शरीर जपणं हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

हे सगळं मी लिहितो आहे त्याला कारण आहे. शाळेत दर वर्षी कुणी ना कुणी हाताला प्लास्टर घालून वर्गात येतं. कबड्डीत मनगट, खो-खोत घोटा, क्रिकेटमध्ये बोट. त्यानंतर घरी काय बोललं जातं तेही कानावर येतं. मुलगा असेल तर, "उद्यापासून खेळ बंद, अभ्यासाला बस." मुलगी असेल तर बोलणं आणखी पुढे जातं, "हातात व्यंग राहिलं तर लग्नाचं काय?" कुणी नजर लागली म्हणतं. ज्याने धक्का दिला त्या मुलाचं नाव शोधलं जातं. अलीकडे ते नाव कोणत्या समाजाचं आहे तेही पाहिलं जातं, आणि मैदानातली धडक दोन मोहल्ल्यांमधली गोष्ट व्हायला वेळ लागत नाही. या गडबडीत त्या पोराला उचलून रिक्षात कुणी घातलं, दवाखान्यात कोण बसून राहिलं, कुणी पैसे भरले, प्लास्टर असेपर्यंत त्याची वही कुणी लिहून दिली, हे विचारायचं राहून जातं. ती नावंही बहुतेक वेळा दोन्ही मोहल्ल्यांतली असतात.

मुलांचं हाड सहसा काही आठवड्यांत जुळतं. शरीर त्या जागी नवं हाड तयार करतं आणि वाढत्या वयात बहुधा खूणही राहत नाही. पण मैदानाची भीती आणि एखाद्या नावाबद्दल मनात बसलेली अढी तशी जुळत नाही. ती मोठं होईपर्यंत सोबत राहते. म्हणून त्या आठवड्यांत घरातले मोठे काय बोलतात याला मी फार महत्त्व देतो. "शुक्र कर" असं सांगून मुलाला गप्प करण्यापेक्षा "कुणाकुणाचा शुक्रिया करायचा आहे, सांग" असं विचारावं. मूल बोटांवर मोजू लागतं. मोजताना दुखणं थांबत नाही, पण त्याचं जग दुखण्याएवढंच उरत नाही. आणि दुखतंय असं ते म्हणालं तर म्हणू द्यावं. तेवढ्याने शुक्राला काही बाधा येत नाही.

मोठ्यांसाठीही एक काम आहे. महाराष्ट्रात ईद-ए-मिलादला अनेक ठिकाणी रक्तदान शिबिरं होतात, शिवजयंतीलाही होतात. मंडप वेगळे असले तरी बाटल्या जातात त्या रक्तपेढीतच, आणि तिथे बाटलीवर लिहिलेला असतो तो रक्तगट. आपल्या किंवा आपल्या माणसाच्या एखाद्या शस्त्रक्रियेत असं अनोळखी रक्त आलं असेल, तर ते कुणाचं होतं हे कळायची सोय नाही. त्यामुळे देणाऱ्याला परत करता येत नाही, पुढच्यालाच द्यावं लागतं.

२०२२ साली नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यातली ती पट्टी मुंबईत शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. ते तेव्हा ८८ वर्षांचे होते. साठ वर्षं ती पट्टी त्यांच्यासोबत होती. बार्बाडोसमध्ये मिळालेलं रक्त तर त्यांच्या शरीरातून केव्हाच संपून गेलं होतं, कारण तांबड्या पेशी जेमतेम चार महिने जगतात. चार महिन्यांच्या त्या देणगीवर माणसाला पुढची साठ वर्षं मिळाली. वॉरेल, बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर आणि प्रभू. मुलांना लॉर्ड्सच्या ८१ धावा सांगाल तेव्हा ही पाच नावंही जरूर सांगा.